कसोटीवरची करडी रेघ

आमच्याकडे लग्नकार्याला माणसं जमली, जेवणं उरकली आणि पुरुषमंडळी घोरायला लागली की कुणी ना कुणी भाची माझ्याजवळ सरकते आणि हळूच विचारते, "आत्या, तू खरंच भट्टीत हिरे करत होतीस?"

ही अफवा कुणी पसरवली ते मला ठाऊक आहे. मीच पसरवली. एकदम नाही, दर लग्नात थोडी थोडी. मागच्या खेपेला नव्या सूनबाईनं माझ्या हातातल्या अमेरिकन डायमंडच्या अंगठीकडे फार आदरानं पाहिलं, तेव्हा वाटलं, आता पुरे. एकदा नीट लिहून टाकावं.

हिरे नव्हते. बल्बमधली तार ज्या धातूची असते तो टंगस्टन, आणि सेलेनियम नावाचं एक वासट मूलद्रव्य, या दोघांचं लग्न लावून त्यांचा स्फटिक वाढवायचा, हे माझं काम. स्फटिक म्हणजे टपोरा खडा नव्हे. चपटं, काळं, आरशासारखं चकचकणारं पान. त्याची घडण चिरोट्यासारखी, थरावर थर. एका थरातले अणू एकमेकांना घट्ट धरून बसलेले, पण थराथरांत मात्र नुसती शेजाऱ्यापाजाऱ्यांची ओळख. नखानं ढकललं तरी वरचा थर सरकतो. अशा पानात वीज थराच्या अंगानं आडवी किती धावते आणि थर ओलांडून उभी किती धावते, ते मोजायचं. उन्हावर वीज तयार करायला, ट्रान्झिस्टरसारखी उपकरणं करायला पुढेमागे या वस्तू लागतील, असं तेव्हा माझ्या पीएच.डी.चे मार्गदर्शक, आमचे सर म्हणत. सर म्हणत, म्हणून मीही म्हणे.

सत्तरचं दशक उतरणीला लागलं होतं. विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात मागच्या बाजूला एक लांबट खोली होती. त्यात एक भट्टी, एक धापा टाकणारा पंप आणि मी. आमचं घर नागपूरच्या इतवारी बाजारात, सोनारांच्या गल्लीत. पुढे बाबांचं दुकान, मागे आम्ही. बाबा सराफ नव्हेत, हातानं काम करणारे सोनार. एक बैठक, बागेसरी म्हणजे ती कोळशाची मातीची शेगडी, फुंकणी, चिमटे आणि सोनं घासून पारखायचा काळा दगड, कसोटी. घरात एक भट्टी होती आणि मी दुसरी शोधून काढली, हे आईचं माझ्यावरचं कायमचं गाऱ्हाणं.

"मुलाकडचे विचारतात, पोरगी काय करते? काय सांगू वं मी त्यायले? भट्टीजवळ बसते म्हणू?"

"म्हण नं. सोनाराचीच पोरगी आहे," बाबा आतून म्हणायचे.

सेलेनियमचा वास अंगाला बसतो. सडक्या मुळ्यासारखा. मी दारातून आत आले की आई पदर नाकाला लावून न्हाणीघराकडे बोट दाखवायची. "पहिले आंघोळ. देवघराकडे पाहूबी नको." एका मुलाकडच्यांनी मला पाहायला यायची वेळ नेमकी मी घरी परतायची निवडली होती. ते पुन्हा आले नाहीत. मी त्या मुळ्याचे उपकार मानते.

काम कसं चालायचं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. क्वार्ट्‌झची वीतभर नळी घ्यायची, म्हणजे सहजी न वितळणाऱ्या काचेची. तिच्यात टंगस्टनची आणि सेलेनियमची पूड आणि चिमूटभर आयोडीन. हवा उपसून काढायची आणि नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं. मग ती भट्टीत आडवी ठेवायची, एक टोक जास्त तापलेलं, दुसरं थोडं कमी. आतलं आयोडीन म्हणजे इतवारीतला हमाल. तापल्या टोकाला माल उचलतो, निवत्या टोकाला नेऊन टाकतो, रिकाम्या हातानं परत येतो, पुन्हा उचलतो. बारा दिवस ही हमाली सुरळीत चालली तर निवत्या टोकाला पान वाढतं. मध्ये कुठे तापमान हललं, की हमाल माल रस्त्यातच सांडतो आणि हाती येते नुसती करडी पूड.

नळी बंद करायला मला येत नव्हतं. माझ्या हातून तिला भोक पडायचं, नाहीतर ती केळफुलासारखी फुगायची. एक दिवस बाबा माझा विसरलेला डबा घेऊन विभागात आले. टोपी सारखी करून दाराशी उभे राहिले, माझी धडपड बघत. मग डबा खाली ठेवला.

"सरक. मले पाहू दे."

खिशातून त्यांनी आपली फुंकणी काढली. फुंकणी सदैव खिशात, जशी दुसऱ्यांच्या खिशात तपकिरीची डबी. बुन्सनच्या ज्योतीत फुंकून फुंकून त्यांचे गाल लाल झाले, क्वार्ट्‌झला मात्र लालीसुद्धा चढली नाही.

"कोण्या गावचा काच व्हय गा हा?" त्यांनी सरांनाच विचारलं.

सर हसले. "क्वार्ट्‌झ आहे. त्याला हायड्रोजनची ज्योत लागते."

"माजोरा आहे," बाबा म्हणाले. पण मी हायड्रोजनची ज्योत लावली तेव्हा माझ्या मागे उभे राहून त्यांनी माझं मनगट धरलं. "तू ज्योतीले भिऊन राहिली. ज्योत काही करत नाही, मनगट करते. बांगडी फिरवते तशी फिरव. थांबू नको. थांबली का भोक पडलंच समज."

त्या दिवशी पहिली नळी नीट बंद झाली. पुढच्या सगळ्या नळ्या मी त्याच मनगटानं केल्या.

त्याच भेटीत त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी वाढवलेल्या लहानसहान पानांचा वरचा मळका थर काढायला मी चिकटपट्टी लावायची आणि ओढायची. खाली स्वच्छ, नवा थर निघतो. पट्टी मी केराच्या डब्यात टाकली. बाबांनी वाकून ती उचलली, उजेडात धरली. पट्टीवर चमचम चिकटली होती.

"हे फेकते काहून?"

"तो कचरा आहे बाबा."

"कचरा!" सोनाराच्या दुकानातली धूळसुद्धा फेकत नाहीत. झारेकरी येतो, ती विकत घेतो आणि धुऊन तिच्यातून सोनं काढतो. "अवं, ज्याच्यात चमक आहे ते कचरा कसं होईल?"

मी सरांकडे पाहून हसले. वडिलांची लाज वाटायचं ते वय. आता अमेरिकेतला भाचा फोनवर सांगतो की आज जगभरचे लोक चिकटपट्टीनं असेच थर सोलतात, आणि पट्टीवर जो सगळ्यात पातळ, एकच थर उरतो, त्याच्यामागे धावतात. "आत्या, तू तेव्हाच करत होतीस!" करत होते, बाळा. आणि केराच्या डब्यात टाकत होते. चपराशी रोज सकाळी तो डबा मागच्या नाल्याशी रिकामा करायचा.

असो. बाबा त्या दिवसापासून रोज संध्याकाळी बैठकीवरूनच विचारायचे, "काय पिकलं वं माय?"

"राख, बाबा."

"होते. आमचंबी होते."

सात वेळा राख झाली. राख म्हणजे कधी पूड, कधी मोहरीएवढे कण, एकदा तिळाएवढी पानं. एक नळी फुटली आणि भट्टीच्या तोंडातून जांभळा धूर निघाला. त्या धुराकडे मी इतकी मोहून पाहत राहिले की सरांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. मोजमापासाठी पानाला चांदीच्या लेपानं चार तारा चिकटवायच्या असतात. तिळाला चार तारा कुठून चिकटणार? माझ्या प्रबंधाची तीन प्रकरणं लिहून झाली होती, चौथं त्या चार तारांवर अडलं होतं. आणि सर जूनच्या अखेरीला निवृत्त होणार होते. त्यांच्या नंतर त्या विषयाला विभागात कुणी वाली नव्हता.

"बाई," सर म्हणाले, "तुमचा स्फटिक आणि माझं पेन्शन, शर्यत लागली आहे."

घरीही तीच शर्यत. बाबांनी नात्यातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "जूनपर्यंत पोरीच्या लग्नाचं बोलू नका. तिचं काम चालू आहे." नागपुरात सोनारानं असं म्हणणं म्हणजे केवढं धाडस, ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटायचं, बापानं एवढं करायलाच हवं.

सातवी नळी का बिघडली ते सरांनीच शोधलं. एप्रिल होता. दुपारी बारा वाजले की सगळं नागपूर एकदम कूलर लावतं आणि विजेचा दाब खाली बसतो. भट्टी तेवढ्यात निवते. गावाचे कूलर आम्ही बंद करू शकत नव्हतो, पण विभागाच्या त्याच तारेवर सरांच्या खोलीतला मोठा कूलर होता. आठवी नळी मी मे महिन्यात भट्टीत ठेवली तेव्हा सरांनी तो कूलर बंद केला आणि वर त्याच्या पंख्याचा पट्टा काढून खिशात टाकला, कुणाला मोह नको म्हणून. बारा दिवस ते डोक्यावर ओला पंचा ठेवून पेपर तपासत बसले. आईनं ऊन लागू नये म्हणून माझ्या पर्समध्ये कांदा ठेवला होता. मी तिच्याकडून आणखी एक मागून घेतला आणि सरांना दिला. त्यांनी तो खिशात ठेवला, निरोपाच्या मानपत्राइतक्या गांभीर्यानं.

तेराव्या दिवशी नळी फडक्यात गुंडाळून फोडली. निवत्या टोकाला, काचेला एका कडेनं चिकटून, एक पान उभं होतं. करंगळीच्या नखाएवढं. षटकोनाच्या तीन बाजू अगदी सरळ. त्यात मला माझं नाक दिसलं.

सरांनी चष्मा पुसून ते पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "आज शनिवार. चांदीचा लेप सोमवारी नवीन कालवू. तोवर हे कुपीत, कुलपात."

इथे माझी कहाणी थांबली असती तर मी आज डॉक्टर असते. पण मला ते बाबांना दाखवायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं. मी पुष्कळ वर्षं दुसरं कारण शोधून पाहिलं. सर गेल्यावर मी कुपी काढली, बाबा खडे बांधतात तशी कागदाची पुडी केली आणि पर्समध्ये कांद्याच्या शेजारी ठेवून घरी आणली.

बाबांनी पुडी बैठकीवर उघडली. चष्मा कपाळावर सारला, पुन्हा खाली घेतला.

"हे तू केलं?"

"मी केलं."

"याले घासलं नाही? पॉलिश?"

"नाही. ते असंच उगवतं."

"बाप्पा!" ते म्हणाले. एवढंच. आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी त्या नजरेसाठी आणखी सात वेळा राख केली असती.

तेवढ्यात आतून आई, "पहिले आंघोळ कर वं! घरभर मुळा झाला!"

मी आंघोळीला गेले. पाच मिनिटं लागली असतील. केस पुसत बाहेर आले तेव्हा बाबा कसोटीवर वाकलेले होते.

त्यांचा दोष नव्हता. चाळीस वर्षं त्यांच्या हातात काहीही चमकणारं आलं की हात आपोआप कसोटीकडे जायचा. ती पारख नव्हती, नमस्कारासारखं होतं. त्यांनी पान चिमटीत धरलं आणि सोनं घासतात तसं, अंगठ्यानं दाबून, दगडावर ओढलं.

"पाहाय वं!" ते लहान मुलासारखे खुश होते. "किती नरम आहे हे! पेन्सिलीवानी रेघ ओढते!"

काळ्या दगडावर बोटभर लांब करडी, चकाकती रेघ होती. तिच्या शेजारी बाबांच्या चिमटीत माझं पान होतं. म्हणजे जे होतं ते. थर एकमेकांवरून घसरले होते, मधोमध दुमड पडली होती, एक कोपरा बैठकीवर गळला होता. सोनं दगडावर घासलं तर कणभर झिजतं. हे चिरोट्यासारखं होतं, आणि चिरोटा घासायचा नसतो.

बाबांनी माझं तोंड पाहिलं.

"बिघडलं काय वं काही?"

"नाही," मी म्हणाले. कुठून सुचलं देव जाणे. "वरचा थर काढायचाच असतो, बाबा. त्या दिवशी पट्टीनं काढत होते नं मी? तुम्ही माझं काम वाचवलं."

"खरं?"

"खरंच."

"मग बरं झालं," ते म्हणाले. तुकडे त्यांनी स्वतः गोळा केले, गळलेला कोपरासुद्धा मोराच्या पिसानं उचलून घेतला, आणि पुडी बांधून माझ्या हातात दिली. गिऱ्हाइकाचं तोंड पाहून सोनं कुठून आलं ते ओळखणारा माणूस. मला वाटलं, फसला. मी स्वतःवर खुशही झाले. मनात म्हटलं, पदार्थविज्ञान नाही तर नाटक तरी येतं आपल्याला.

सरांना मी सांगितलं, पान हातातून पडलं. तेही खोटं. सगळ्यात मोठ्या तुकड्याला मी सोमवारी चार तारा चिकटवायला बसले. दुमडीवर त्याचे दोन तुकडे झाले. सरांनी फक्त विचारलं, "सेलेनियम किती उरलंय?" एका नळीपुरतं होतं. नववी नळी मी लावली. पाचव्या दिवशी भट्टीची तापणारी तारच जळून तुटली. नवी तार मागवून, गुंडाळून, बारा दिवस द्यायला जूनमध्ये दिवस नव्हते.

शेवटच्या दिवशी सरांनी खिशातून पट्टा काढून कूलरला बसवला आणि कूलर लावला. आम्ही दोघं त्याच्यासमोर बसून चहा प्यायलो. वाळ्याचा वास येत होता. "तीन प्रकरणं चांगली आहेत," ते म्हणाले. मी "हो" म्हणाले. विभागात नव्या आलेल्यांचा विषय वेगळा होता. भट्टी भांडारात गेली. त्या वर्षी मला मौद्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली आणि मी रोज सकाळी बस धरू लागले. पोरांना फुटका बल्ब दाखवून सांगायची, ही तार टंगस्टनची. पोरं विचारायची, बाई, याचं काय होते? मी म्हणायची, उजेड होतो. पुढचं सांगायची नाही.

लग्न मी केलं नाही, ते तसंच राहून गेलं. त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. बाबा सगळ्यांना अभिमानानं सांगायचे, "पोरगी शिकवते." माझा प्रबंध कुठवर आला, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. आणि एक गोष्ट मी तेव्हा पाहूनही पाहिली नाही. त्या शनिवारनंतर त्यांनी संध्याकाळी बैठकीवरून "काय पिकलं वं माय" हे विचारणं बंद केलं. भट्टी चालू होती तोवरसुद्धा.

काही वर्षांनी बाबा गेले. भावाला बँकेत नोकरी होती. दुकान द्यायचं ठरलं. आईनं मला बैठकीचा खण रिकामा करायला बसवलं. चिमटे, फुंकणी, गुंजांची डबी, आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेली कसोटी.

तुम्हाला माहीत असेल नसेल, सोनार कसोटी रोज साफ करतो. दगडावर मेणाचा गोळा दाबतो. रेघांमधलं सोनं मेणाला चिकटून येतं, दगड कोरा होतो. मेणात पुरेसं सोनं जमलं की तो गोळा आटवतात. सोन्याचा कण कुणी दगडावर सोडत नाही. मी फडकं उलगडलं. दगडाचा एक अर्धा भाग वापरून वापरून गुळगुळीत झाला होता, त्यावर शेवटच्या दिवसांतल्या दोन-चार पिवळ्या रेघा. दुसऱ्या अर्ध्या भागावर काही नव्हतं. फक्त मधोमध, बोटभर लांब, एक करडी रेघ.

मी आईकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती.

"त्या बाजूले त्यायनं कधी मेण लावूच नाही देलं," ती म्हणाली. "अर्ध्या दगडावर धंदा केला इतके वर्ष. मी एकडाव पुसून राहिली होती, तर ओरडले माझ्यावर. म्हणे, राहू दे, पोरीचं नुकसान आहे ते, माझ्या हातचं."

"तुला कधी सांगितलं त्यांनी?"

"त्याच दिवशी. तू पुडी घेऊन आत गेली अन् ते माझ्यापाशी येऊन बसले. म्हणे, पोरगी खोटं बोलली माझ्याशी. मी म्हटलं, मग विचारा नं तिले. तर म्हणे, काहून विचारू? तिनं माझ्यासाठी बोललं नं."

ती पुन्हा तांदळाकडे वळली. मी कसोटी फडक्यात गुंडाळली आणि माझ्या पर्समध्ये ठेवली.

आता ती माझ्याकडे आहे. भाच्यांना मी खोटी अंगठी दाखवते, कसोटी दाखवत नाही. रविवारी सकाळी ऊन खिडकीत आलं की मी ती काढते, जरा तिरपी धरते. रेघ अजून चमकते. एका टोकाला अंगठ्याचा जोर आहे, तिथे ती दाट आहे. दुसऱ्या टोकाला इतकी विरळ होत जाते की ती कुठे संपते ते सांगता येत नाही. बाबांच्या आवाजात कुणी विचारावं असं फार वाटतं, काय पिकलं वं माय. या खेपेला मी खरं सांगितलं असतं.

बोट मात्र मी तिच्यावर कधी फिरवत नाही. फिरवलं तर निघून येईल. इतकं पदार्थविज्ञान मला अजून आठवतं.